तुरतुकचा पाट आणि आमचा हवालदार

आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेत कुणीच गेलेले नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले आणि गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडले गेले. आमच्या माण-खटावातही तीच तऱ्हा. पाऊस नाही, कुसळाशिवाय रानात काही नाही, म्हणून पोरगा अठराचा झाला की भरतीच्या मैदानावर पळायला जातो.

पण खरे सांगायचे तर फौजेत गेलेला आपला माणूस तिकडे काय करतो हे आपल्याला फारसे माहीत नसते. लढाई आपल्याला माहीत असते. 26 जानेवारीचे संचलन माहीत असते. सुट्टीवर येताना आणलेली काळी पेटी माहीत असते. मधले जे शेकडो दिवस असतात, त्यांची हकीकत तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये मला त्यातला दीड दिवस बघायला मिळाला. तो तुम्हाला सांगावा म्हणून हा लेख.

निरोप

माझ्या चुलतभावाचा मुलगा 2008 साली भरती झाला. आज हवालदार आहे असे मी त्या वेळी अभिमानाने सांगत असे. 2023 साली त्याची नोकरीची पंधरा वर्षे भरत होती. फौजेत पंधरा वर्षे झाली की जवानाला पेन्शनीवर घरी येता येते. बढती असेल तर पुढेही राहता येते. तो काय करणार, हे घरात कुणालाच कळत नव्हते. फोनवर विचारले की 'बघू' म्हणायचा.

मी दोन सोबत्यांबरोबर लडाखला जाणार हे कळल्यावर त्याची बायको माझ्याकडे आली. हातात पिशवी. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू, ठेचा आणि नणंदेने दिलेली राखी. पिशवी ठेवून ती जरा वेळ उंबऱ्याशी उभीच राहिली. मग म्हणाली, "तात्या, तेवढं एक त्यांना समोरासमोर विचारून या. येणार का पुढं राहणार. मला काहीही चालेल, पण एकदा काय ते कळू द्या."

"पोराचं काय म्हणणं?" मी विचारले. मुलगा चौथीत.

"तो फोनवर येतच नाही आता. 'बाबा आहेत' म्हटलं की परड्यात पळतो. मागच्या सुट्टीला आले तेव्हा आठ दिवस जवळ गेला नव्हता. जरा जवळ गेला, तवर सुट्टी संपली."

हा निरोप घेऊन मी निघालो. निघताना जीव घरी होता, कारण तो सबंध ऑगस्ट कोरडा गेला होता. बाजरी पोटरीत येऊन माना टाकत होती. रजा आधीच मंजूर होती म्हणून गेलो एवढेच.

चार इंच पावसाचा मुलूख

दिल्लीहून विमान लेहला उतरते तेव्हा तुम्ही एकदम साडेअकरा हजार फुटांवर असता. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. डोके जड होते, जिना चढला तरी धाप लागते. तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस गुपचूप पडून राहायचे, भरपूर पाणी प्यायचे, ही शिस्त पाळावीच लागते. जवानांनाही असेच थांबवून, हवा अंगवळणी पडल्यावरच वर पाठवतात.

लेहला वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चार इंच! आम्ही माणवाले चार-पाचशे मिलिमीटरला रडतो. मग तिथे शेती कशी होते? डोंगरावरचा बर्फ वितळतो, त्या ओढ्याला वर बांध घालून पाट काढतात आणि दगडी ताली रचून केलेल्या वावरांना पाणी देतात. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. पाळी सांभाळायला गावाने नेमलेला माणूस असतो, त्याला लडाखी लोक छुरपोन म्हणतात. आपला पाटकरीच समजा. पाणी उन्हावर चालते. ऊन चढेल तसा पाट भरतो, ढग आले की आटतो. ढग बघून कपाळाला हात लावणारा शेतकरी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

लेहमध्ये संरक्षण खात्याची एक संशोधन संस्था आहे. एवढ्या उंचीवर भाजीपाला कसा पिकवावा याचा अभ्यास ती करते. त्याचा फायदा जवानांना झाला तसा शेतकऱ्यांनाही झाला. कोबी, बटाटा, मुळा, गाजर तिथे असे पोसतात की आपण बघतच राहावे. स्थानिक शेतकऱ्यांची भाजी फौज विकत घेते. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला फौज हे एक गिऱ्हाईकही आहे.

लेहहून खारदुंग ला ही साडेसतरा हजार फुटांची खिंड ओलांडून नुब्राच्या खोऱ्यात उतरायचे. तिथून श्योक नदीच्या काठाकाठाने हुंदरचे वाळवंट आणि दोन मदारींचे उंट मागे टाकत पुढे जायचे. लेहपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर तुरतुक गाव लागते. श्योक पुढे सरहद्द ओलांडून बाल्टिस्तानात जाते आणि सिंधूला मिळते.

रात्रीत देश बदललेले गाव

तुरतुकचे लोक बाल्टी भाषा बोलणारे मुसलमान आहेत. 1971 च्या डिसेंबरपर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होते. त्या लढाईत मेजर चेवांग रिंचेन यांच्या हाताखालच्या जवानांनी चालुंका, तुरतुक, त्याक्षी आणि थांग ही गावे घेतली. रिंचेन हे नुब्रातल्याच सुमूर गावचे. 1948 साली अगदी कोवळ्या वयात त्यांना महावीरचक्र मिळाले होते आणि 1971 च्या या कामगिरीबद्दल ते पुन्हा एकदा मिळाले. बाहेरच्या प्रवाशांना तुरतुकला जायची परवानगी 2010 साली मिळू लागली.

आम्ही ज्या घरी उतरलो तिथले आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. म्हणाले, "आम्ही तीन दिवस कोंडून घेऊन बसलो होतो. फौज आली म्हणजे आता काय होईल सांगता येत नव्हतं. सकाळी दार उघडलं तेव्हा देश बदललेला." त्यांचा थोरला भाऊ त्या वेळी कामासाठी स्कार्दूला गेला होता. तो तिकडचाच झाला. त्या गावातल्या बऱ्याच घरांची अशीच ताटातूट झाली आहे. तेव्हा त्या गावातल्या पोराने आपल्या जवानाकडे बघून हसणे, ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. आज्याच्या भीतीपासून नातवाच्या हसण्यापर्यंत यायला पन्नास वर्षे लागलेली असतात.

गाव मात्र बघत राहावे असे. तुरतुक लेहपेक्षा खाली आहे, हवा उबदार, म्हणून तिथे वर्षात दोन पिके निघतात. आधी जव आणि जव निघाले की त्याच वावरात फाफर, म्हणजे उत्तरेकडे उपासाला खातात तो कुट्टू. मी गेलो तेव्हा फाफर फुलावर होता. गच्च्यांवर, दगडांवर, जिकडे तिकडे जर्दाळू वाळत घातलेले. बाल्टी भाषेत जर्दाळूला चुली म्हणतात. दगड रचून केलेल्या थंड खोल्याही दाखवल्या. फटींतून गार वारा आत येतो, लोणी आणि मांस उन्हाळ्यात टिकते. त्याला नांगचुंग म्हणतात. विजेचा पत्ता नसताना केलेली ही शीतगृहे आमच्या कृषी खात्याने बघण्यासारखी आहेत.

जवानाचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा हवालदार खाली आला. साहेबांनी त्याला त्या दिवसाची आणि रात्रीची परवानगी दिली होती. पलटणीचे नाव, ठाण्याची जागा हे मी विचारले नाही, तुम्हीही विचारू नका. ठाण्यावर मला जाता आले नाही आणि ते बरोबरच आहे.

मी त्याला ओळखले नाही, असे म्हटले तर तुम्हाला पटणार नाही. तोंड रापून काळे झालेले, ओठ फुटलेले, डोळ्यांभोवती चष्म्याचे पांढरे वण. पाया पडला. पिशवी दिली तर आधी ठेच्याचा डबा उघडून नुसता वास घेतला.

दिवसभर कसा असतो, म्हणून मी विचारले. तो सांगू लागला. पहाटे चारला उठायचे. उजाडण्याआधी सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या जागेवर उभे राहायचे. याला 'स्टँड टू' म्हणतात. हल्ला व्हायचा तर तो बहुधा अशाच वेळी होतो. उजाडले की चहा, दाढी, हत्याराची सफाई. मग झऱ्यावरून जेरीकॅनने पाणी आणायचे. कुणी गस्तीला जाते, कुणी बंकरचे दगड बसवते. उन्हाळ्यातले चार-पाच महिने मुख्य काम म्हणजे हिवाळ्याची बेगमी. रॉकेल, पीठ, डाळ, डबाबंद भाज्या हे सगळे बर्फ पडायच्या आत वर पोहोचले पाहिजे. दिवस मावळताना पुन्हा 'स्टँड टू'. मग हजेरी, लंगरचे जेवण आणि रात्री दोन-दोन तासांचा पहारा.

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात थंडीशीच लढाई, तात्या. उंचावर पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही, कुकर लागतोच. झोप लागत नाही. बुखारी पेटवली तर झरोका उघडा ठेवायचा, नाहीतर धुरानं माणूस झोपेतच जातो. मोजे ओले राहिले तर बोटं जातात. म्हणून रोज संध्याकाळी एकमेकांचे पाय बघायचे. मी माझ्या पोरांचे पाय रोज बघतो."

'माझी पोरे' म्हणजे त्याच्या सेक्शनचे जवान. मी ते लगेच ताडले, पण काही बोललो नाही.

घरी बोलणे आठवड्यातून एकदा, पाच-दहा मिनिटे. त्यात आईचे गुडघे, सोसायटीचे कर्ज, बाजरी, लाइट बिल. पोरापर्यंत पाळी येईतो वेळ संपलेला.

छू! छू!

आम्ही गावातून फिरायला निघालो. तुरतुकचे फारोल आणि यूल असे दोन भाग आहेत, मधून ओढा वाहतो. पुलापाशी पोरांचा घोळका होता. हवालदाराला बघून तीन-चार पोरांनी कडक सलाम ठोकला. एक पोरगा मात्र सलाम न करता सरळ त्याच्यापाशी आला आणि हिंदीत म्हणाला, "फौजी अंकल, दगड हललाय. कालच्या गाडीतल्या माणसांनी हलवला."

"चल बघू," म्हणून दोघे पुढे आणि मी मागे.

गोष्ट अशी होती. 2022 च्या वसंतात आमचा पुतण्या पहिल्यांदा त्या वाटेने गस्तीला चालला होता. वाट वावरांच्या कडेने वर चढते. पाठीवर ओझे, पायात जड बूट. पाट ओलांडताना एका जवानाचा पाय पाटाच्या काठावर पडला आणि काठ फुटला. पाणी धो-धो खालच्या ओढ्याकडे चालले. तोच वरून नऊ-दहा वर्षांचे पोर "छू! छू!" ओरडत धावत आले. आपल्याकडे कुत्रे अंगावर सोडताना 'छू' म्हणतात. जवान बिचारे कुत्रे कुठून येते ते बघू लागले! पुढे कळले की बाल्टी भाषेत 'छू' म्हणजे पाणी.

पोर आले आणि फुटलेल्या जागी स्वतःच पाटात आडवे बसले. अंगाने पाणी अडवून धरले आणि तिथूनच जवानांना शिव्या देऊ लागले. पाणी बर्फाचे, अंगात साधा सदरा. वाचकहो, तुमच्यापैकी कोण असा आहे जो लहानपणी फुटलेल्या दाऱ्यात असा बसला नाही? रात्रीच्या पाळीला दारे धरताना काठ फुटला आणि फावडे हाताशी नसले तर दुसरे काय करणार?

पुतण्या म्हणाला, "तात्या, मला एकदम आपला मळा दिसला. पाळी त्यांची तासा-दोन तासांची. ते पाणी गेलं म्हणजे जवाचं एक भरणं गेलं. मी पाठीवरचं ओझं उतरवलं, दगड लावला, वर गवताची ढेकळं आणि चिखल दाबला. माणच्या पोराला पाट बांधायला कुणी शिकवायला लागतं होय? काठ धरला तसं ते पोरगं उठलं, एकदा दगडाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणालं, तुमच्याकडं पण पाट आहे?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून जवानांनी तिथे एक सपाट लांब दगड पाटावर आडवा टाकला. तेव्हापासून गस्त त्या दगडावरूनच जाते. काठावर पाय द्यायचा नाही, हा त्याच्या सेक्शनचा नियम झाला. आता गाड्यांतून येणारे प्रवासी फोटो काढायला तिथे उभे राहतात आणि दगड हलवतात, ही त्या पोराची तक्रार होती.

दोघांनी मिळून दगड सरळ केला. पोराने खालून चिपा लावल्या. आमचा हवालदार त्या वेळी हवालदार दिसतच नव्हता. पॅण्ट गुडघ्यापर्यंत वर केलेला माणचा शेतकरी दिसत होता.

खाऊ आणि हात

पूर्वी जाता-येता गाड्यांतून जवान पोरांना गोळ्या-बिस्किटे टाकत. माया असते, घरच्या पोरांची आठवण येते, म्हणून टाकत. पण पोरे चाकाखाली येण्याची भीती. शिवाय आमच्या घरधन्या आजोबांनी एकदा पुतण्याला म्हटले होते, "मुलांना खाऊ द्या, पण त्यांना हात पसरायला शिकवू नका. आम्ही गरीब असू, भिकारी नाही." पुतण्याने हे आपल्या जवानांना सांगितले. मग ठरले, चालत्या गाडीतून काही टाकायचे नाही. द्यायचे असेल तर खाली उतरून, घरच्यांच्या देखत आणि शक्यतो वही-पेन्सिल. आणि त्यांच्याकडून काही घेतले तर त्याची किंमत द्यायची.

हा शेवटचा नियम मात्र गावाने मोडून काढला. त्या पोराच्या आईने एकदा जर्दाळू दिले, पुतण्याने पैसे पुढे केले, तर ती घरात निघून गेली. आजोबा म्हणाले, "पैसे देतो तो गिऱ्हाईक. पाहुणा पैसे देत नाही." त्या दुपारी आम्हालाही त्या घरी बसवून किसिर खायला घातले. फाफराच्या पिठाचे मऊसर धिरडे असते. पुतण्याने तिथे सगळ्यांना आपला ठेचा वाढला. पोराने चाखला, डोळ्यांतून पाणी आले, पण त्याने पाणी मागितले नाही. सगळे हसलो.

तेवढ्यात पोराने सहज विचारले, "अंकल, तुमचा मुलगा कितवीत आहे?"

पुतण्या म्हणाला, "तिसरीत." मग थांबला. "नाही, चौथीत." आणि माझ्याकडे बघितले.

मी मान हलवली. चौथीत.

रात्रीचे बोलणे

रात्री अंगणात बसलो. खाली श्योकचा आवाज. मी निरोप सांगितला, सुनेच्या शब्दांत, जसाच्या तसा. तो बराच वेळ बोलला नाही.

मग म्हणाला, "तात्या, या पोराच्या पाटाचा दगड कुठला हलतो ते मला माहीत आहे. माझ्या पोराचा वर्ग मला माहीत नाही. आज तुमच्यासमोर चुकलो म्हणून कळलं, एरवी कळलंही नसतं."

"मग ये की घरी. पेन्शन बसेल."

"येतो म्हणणं सोपं आहे. घराचं कर्ज अजून तीन वर्षं आहे. इथं पगार आहे, तिथं तीन एकर कोरडवाहू. आणि खरं सांगू? भीती वाटते. घरी गेलो की सुट्टीवरचा पाहुणा असतो. दोन महिने सगळे मान देतात. कायमचा गेलो तर त्या घरात माझी जागा कुठली? ती सगळं एकटी चालवते. पोरगा तिचं ऐकतो. मी मध्ये कुठं बसू?"

मला उत्तर सुचले नाही. तीस वर्षे लोकांना बियाणे आणि खते सांगत आलो, याला काय सांगणार? शेवटी म्हटले, "एक कर. पोराला पत्र लिही. अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको, तसलं काही लिहू नको. आज घडलं ते लिही."

त्याने वहीची दोन पाने भरली. छू-छूची गोष्ट लिहिली, पाटाचे आणि दगडाचे चित्र काढले. त्या बाल्टी पोराने सकाळी येऊन खाली आपल्या लिपीत नाव लिहिले आणि पाच जर्दाळूच्या कोया कागदात बांधून दिल्या. निघताना मी मेथी-कोथिंबिरीचे बी पुतण्याला दिले आणि प्लास्टिकच्या कागदाखाली वाफा कसा करायचा ते सांगितले. तो वर चढून गेला. त्या दगडापाशी वळून त्याने हात केला. मग वळणाआड दिसेनासा झाला.

परतल्यावर

घरी आलो तर बाजरी गेलीच होती. वैरण तेवढी पदरात पडली. सुनेला सगळे सांगितले, कर्जाचे आणि भीतीचेही. ती म्हणाली, "भीती मलाही वाटते. त्यांना कधी सांगितली नाही." बस्स, एवढेच.

पोराला पत्र दिले. त्याने उभ्या उभ्या वाचले, मग खाली बसून पुन्हा वाचले. रविवारी फोन आला तेव्हा तो परड्यात गेला नाही. आईच्या हातातून फोन घेऊन त्याने पहिला प्रश्न विचारला, "तो खरंच तुम्हाला ओरडला? आणि तुम्ही काय केलं?" त्या दिवशी आईच्या गुडघ्यांची आणि लाइट बिलाची पाळी आलीच नाही.

कोया त्याने परसात पुरल्या. जर्दाळूला फळ धरायला हिवाळ्याची जी कडक थंडी लागते ती आपल्याकडे नाही, हे मी त्याला सांगितले. तरी महिनाभर रोज पाणी घालत होता. एकही उगवली नाही. ते त्याने बापाला फोनवर कळवले आणि बापाने तिकडच्या पोराला.

पुतण्या 2024 साली पेन्शनीवर आला. कर्जाचे हप्ते आता पेन्शनीतून जातात, ओढाताण आहे. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. अजूनही पोरगा काही हवे असले की आधी आईकडे जातो आणि बाप ते बघून गप्प राहतो. पण रात्रीची पाळी असली की दोघे मिळून दारे धरायला जातात. बॅटरी पोराच्या हातात असते.

आता तुम्हाला दोन शब्द. ज्या घरातला माणूस फौजेत आहे त्या घरातल्या माउल्यांनो आणि वडीलधाऱ्यांनो, 'थांब, बाबा आले की सांगते' असा धाक पोरांना घालू नका. आठवड्याच्या दहा मिनिटांतली पहिली तीन पोरासाठी राखून ठेवा, कर्ज आणि गुडघे नंतर. पोराची इयत्ता, शिक्षकांचे नाव, कुठला दात पडला, हे त्याला कळवत जा. आणि जवान बांधवांनो, तुमच्या हाती हा अंक पडला तर आज काय खाल्ले, कोण भेटले, कोण ओरडले ते घरी लिहा. पराक्रमाच्या गोष्टी पोरांना शाळेतही कळतात. त्यांना तुम्ही पाटाचा दगड कसा बसवला ते ऐकायचे असते.

तुरतुकला कधी गेलात, तर अवश्य जा, पण वावराच्या कडेने जपून चाला. पाटावर एक सपाट दगड आहे. त्याच्यावरूनच ओलांडा, काठावर पाय देऊ नका. आणि तो दगड हलवू नका.